हेंकभाऊंच्या पुंगळ्या

“आई, चिंच कशाला लावतेयस तू?”

अंबरीश मागच्या दारात उभा. गळ्यात हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट. मीटिंग अर्धवट टाकून आला होता.

“अत्तरदाण्यांना,” मालिनीबाई मान वर न करता म्हणाल्या. “शेजारच्या हेंकभाऊंनी कुंपणावर ताटात मांडल्या होत्या. काळ्याठिक्कर. बघवेना मला.”

“अगं, काडतुसाच्या पुंगळ्या आहेत त्या!”

फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे बेस्ट नावाच्या डच गावात आलेल्या मालिनीबाई टाळेबंदीत अडकल्या त्या अडकल्याच. मुलगा एका स्क्रीनपुढे, सून दुसऱ्या. भांडी यंत्र घासायचं. घरात नुसतं काच आणि स्टील. काळं पडून ‘मला घास’ म्हणेल असं एक भांडं नाही. देवसुद्धा संगमरवरी. त्यात कुंपणावर पितळ दिसलं आणि हात शिवशिवले. घासता घासता ओवीही जुळली:

पितळेच्या गं लेकी, उभ्या राहिल्या ओळीनं,
न्हाऊ घातिल्या मी, चिंचेच्या गं कोळानं.

तेवढ्यात हेंकभाऊ आले. उंच, एकटा, लाल नाकाचा म्हातारा. पुंगळ्या बघून त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. “प्राख्तख, मेफ्राऊ!”

“‘फार सुंदर, बाई’ म्हणतायत,” अंबरीशने सांगितलं. “उडवलेल्या पुंगळ्या ते साफ करतात, घरीच दारू भरतात, वर नवी गोळी बसवतात. हरणांच्या शिकारीला.”

मालिनीबाईंनी हात पदराला पुसले. “देव उजळायच्या चिंचेनं मी हरणाचा काळ घासला होय रे?”

त्या दिवसापासून त्यांनी कुंपणाकडे जाणं सोडलं. हेंकभाऊ रोज ताट मांडत, वाट बघत, उचलून नेत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी आधी रोज सकाळी टोमॅटोच्या रोपांवरून तासभर गप्पा होत. त्या बंद झाल्या आणि दिवस संपता संपेना.

मग एका सकाळी हेंकभाऊंनीच अंबरीशला हाक मारली. हातात दोन नुसत्या गोळ्या होत्या, एक बारीक, एक जाडजूड.

“आई, त्यांना तुझा सल्ला हवाय.”

“माझा? मी डास मारताना राम म्हणते!”

“ऐक तर. बारीक गोळी नव्या, हलक्या रायफलची. खांद्याला त्रास नाही. पण गेल्या वर्षी तिनं हरीण नुसतं जखमी झालं आणि पळालं. अंधार पडेपर्यंत शोधलं, मिळालं नाही. जाड गोळी जुन्या रायफलची. जागच्या जागी पडतं, पण ती अशी लाथ मारते की खांदा निखळतो. डॉक्टरनं हात लावू नका म्हणून सांगितलंय.”

“नाहीच गेलं तर?”

“कळप फार वाढलेत म्हणतात. हे नाही, तर दुसरा कुणी जाईल.”

मालिनीबाई कुंपणाजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “विचार त्यांना, खांदा किती दिवस दुखतो?”

“आठवडाभर.”

“आणि त्या हरणाचं किती दिवस दुखलं असेल, ते विचार.”

अंबरीशने विचारलं. हेंकभाऊंनी तळहातावरच्या दोन्ही गोळ्यांकडे पाहिलं. मग बारीक गोळी खिशात टाकली आणि जाड गोळी ताटात ठेवली.

“आणा ते ताट इकडे,” मालिनीबाई म्हणाल्या. “जायचंच असेल तर नीट जाऊ दे बिचाऱ्याला.”

दीड मीटरचं अंतर राखायचं म्हणून हेंकभाऊंनी ताट केरसुणीनं पुढे ढकललं.

पानगळ सुरू झाली तेव्हा ते शिकारीला गेले. परतले ते हात गळ्यात बांधून. मालिनीबाईंनी महानारायण तेलाची बाटली कुंपणावर आधीच काढून ठेवली होती.

“बघा, डॉक्टरांनी म्हटलंच होतं! आता चोळून घ्या.”

ते हसले नाहीत. चांगल्या हातानं त्यांनी एक काळी पुंगळी ताटात ठेवली आणि एक बोट वर केलं. एकच. अंबरीश मीटिंगमध्ये होता, पण त्याची गरज पडली नाही: एका गोळीत, जागच्या जागी.

मालिनीबाईंनी आधी साध्या पाण्यानं ती धुतली, मग चिंच लावली. ओवी काही ओठांवर आली नाही. पुंगळी सोन्यासारखी उजळली. आधी उजळलेल्या बाकीच्या सगळ्या ताटात ओळीनं उभ्या होत्या. ही मात्र त्यांनी हलकेच आडवी ठेवली.

कुंपणापलीकडे हेंकभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली.