हरसूलच्या बाजारातली दोषपेटी

हरसूलच्या बाजारात त्या दिवशी भाजीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी बुधामहाराजांच्या पेटीभोवती. पेटीवर दोन पितळी पत्रे. त्यांवर दोन तळवे ठेवले की लाल दिवा लागायचा.

"दोष रक्तात बसलाय," महाराज सांगायचे. मग तळव्यांना विभूती चोळायचे, पुन्हा हात ठेवायला लावायचे. दिवा विझलेला. "निघाला. आता औषध बंद."

भागुबाईची सून प्रतिभा महिन्यापूर्वी अशीच बरी झाली होती. क्षयाच्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या होत्या. आज ती पुन्हा रांगेत उभी होती, तोंडाला पदर लावून खोकत.

भागुबाई शाळा शिकली दुसरीपर्यंत. पण अंबडच्या कारखान्यात नऊ वर्षं तिनं सर्किट बोर्डात पार्ट बसवले होते. तिनं शेजारच्या टोपलीतली काकडी उचलली, उभी चिरली आणि ओली बाजू दोन्ही पत्र्यांवर टेकवली. दिवा लागला.

"महाराज, काकडीला क्षय झालाय का कावीळ?"

लोक हसले. तिनं स्वतःचे तळवे ठेवले, दिवा लागला. मग त्यांना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ चोळलं, पुन्हा हात ठेवले. दिवा लागलाच नाही.

"नागलीनंपण दोष निघतो म्हणायचा." तिनं पेटीचं झाकण उचकटलं. "हा बोर्ड. ह्या तांब्याच्या रेघा म्हणजे विजेच्या वाटा. हे रंगीत पट्ट्यांचं रेझिस्टर, वीज आवरून धरतं, नायतर दिवा जळून जाईल. हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर. घामाच्या हातातून मुंगीएवढी वीज आली, की हा सेलातली जास्तीची वीज दिव्याकडं सोडतो. हात कोरडा झाला की वाट तुटती. रोगाचा ह्याला पत्ताच नाय."

महाराज शांतपणे म्हणाले, "काकडी सजीव. नागली अन्नब्रह्म. देव कशातूनही बोलतो."

गर्दीनं हात जोडले. प्रतिभानं तळवे पुढे केले, महाराजांनी विभूती चोळली, तिनं हात पेटीवर ठेवले. "दिवा विझला, आई. आता बरं वाटतंय."

"पेटी तुझ्या हाताला विचारती, पोरी. छातीला कोण विचारणार?"

प्रतिभा पौषात गेली. पेटी उघडली म्हणून कोप झाला, असं भागुबाईचा मुलगाच म्हणाला. बाजारात महाराजांची रांग लांबली.

भागुबाई अजून भेटेल त्याला सांगते, "दोन आठवडे खोकला राहिला तर दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. गोळ्या पुऱ्या करा. बरं वाटलं तरी पुऱ्या करा."

लोक तिला नमस्कार करतात, आणि वाट बदलतात.