आत शिक्षा देतात

नलिनीताईंचं एकदा ठरलं की ठरलं. मग साक्षात ब्रह्मदेव बरखेड्यात उतरला असता तरी त्याला चपला बाहेर काढून आधी ताईंचं ऐकून घ्यावं लागलं असतं. नवऱ्याची इथे हिंदी मुलखातल्या कारखान्यात बदली झाली म्हणून त्या पुण्याहून आल्या आणि बघता बघता टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या चिटणीस झाल्या. ताई म्हणतात म्हणजे ते खरंच, असं सगळे मानत. ताईही मानत.

कल्पना ही मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव यांची नात. एका संध्याकाळी ती मंडळाच्या देवळामागच्या खोलीतून बाहेर आली, ती घसा बसलेली, चेहरा लालबुंद. ताईंनी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा ती कुजबुजली, "काकू, गुरुजी मला आत शिक्षा देतात. रोज. कोणाला सांगू नका ना."

दार बंद, पोर एकटी, आणि वर सांगायची चोरी! ताईंना आणखी काय हवं होतं? शंकेला त्यांनी उंबऱ्यातही उभं केलं नाही. तडक यशवंतरावांकडे गेल्या.

लगेच सभा भरली. केशव गुरुजी एकटा जीव. देवळामागची खोली हेच त्यांचं घर आणि देवाची पूजा हीच भाकरी. दार लावून घेता का, विचारलं. हो म्हणाले. मुलगी एकटी असते? हो. कशासाठी? गुरुजींनी यशवंतरावांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेवर ताईंनी मनातल्या मनात शिक्का मारला. रविवारपर्यंत खोली सोडा, असं ठरलं.

शनिवारी ताईंनी कल्पनाला देवळाच्या पायरीवर गाठलं. आता घाबरू नकोस, तुझी शिक्षा बंद झाली, म्हणाल्या. पोरीने भोकाडच पसरलं.

"पण का? किती अच्छी चालली होती! अर्धा रुद्र पाठ झाला होता माझा."

आणि हुंदके देत देत तिने म्हणूनही दाखवला. कुठे म्हणून अडली नाही.

अरे देवा! इथल्या पोरांची मराठी अर्धी हिंदी असते, हे ताईच सगळ्यांना हसून सांगत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणी, आणि त्यांनी मात्र मार ऐकला. मुलींनी रुद्र म्हणायचा नाही, असं यशवंतरावांचं सक्त म्हणणं. म्हणून दार बंद, म्हणून गुरुजी गप्प. पोरीने ताईंचा पदर घट्ट धरला. आजोबांना कळलं तर घराबाहेर सोडणार नाहीत, म्हणाली.

ताई मागच्या खोलीकडे धावल्या. गुरुजी भांडी पोत्यात भरत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोरीचं नाव घेऊ नका, ताई," ते म्हणाले. "तिला शब्द दिलाय."

खरं सांगावं तर पोर अडकते, गप्प बसावं तर गुरुजी जातात. शेवटी ताईंनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. यशवंतरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "मला भलतंच ऐकू आलं. गुरुजींना राहू द्या."

मग तो दार लावून आत करत काय होता, यशवंतरावांनी विचारलं. तेवढं मात्र विचारू नका, ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून यशवंतराव उठून जवळ आले.

"त्याने तुम्हाला धमकावलं, हो ना?" ते मायेने म्हणाले. "अहो, तुम्ही आणि चुकणार?"

मग रविवारचीही वाट कोणी पाहिली नाही. त्याच संध्याकाळी मंडळाच्या माणसांनी गुरुजींचं पोतं रस्त्यावर आणून टाकलं आणि त्यांना रिक्षात बसवलं. ताई फाटकाशी उभ्या राहून, मी चुकले हो, मी चुकले, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. बिचारीने किती धसका घेतलाय, असं म्हणत बायका त्यांना पाणी पाजत होत्या.