नवव्या दिवसाची सुनावणी

युद्ध सुरू होऊन आणीबाणी लागली, त्याच आठवड्यात चारकोपच्या सीताराम परबांची बायको मालन गेली. जिथे तिने प्राण सोडला तिथे, खिडकीखाली, दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा होता. रात्री शहरात काळोख पाळायचा हुकूम होता. पहिल्याच रात्री सीतारामांनी दिवा लावला आणि पेट घेईल म्हणून पडदाही त्यांनीच बाजूला सारला. समोरच्या इमारतीतून कोणीतरी फोन केला. शत्रूला खूण करता म्हणत पोलीस आले, तेव्हा मुलगा नितेश पुढे झाला. "दिवा मी लावला."

त्याला नेलं. अग्नी त्यानेच दिला होता, दहावंही त्यानेच करायचं होतं.

वकील दर्शना कांबळे घाटकोपरची, नितेशच्या वर्गातली. तिने हायकोर्टात अर्ज केला. सुनावणी नवव्या दिवशी लागली.

"मी खरं सांगून टाकतो गं," सीताराम म्हणाले.

"काका, गप्प बसायचं हां. तुम्हालाही आत टाकतील, मग मी दोन अर्ज करू?"

"पण आणीबाणीत कोर्ट ऐकतं?"

"बाकीचे हक्क थांबवता येतात. जीव आणि स्वातंत्र्य कायद्याशिवाय नाही काढून घेता येत."

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "माय लॉर्ड, युद्ध चालू आहे."

"आम्हालाही माहीत आहे," न्यायाधीश म्हणाले. "कोणत्या आदेशाने ठेवलंय?"

"आदेश निघायचा आहे."

"आठ दिवस झाले."

सीतारामांना राहवलं नाही. ते उठले. "साहेब, दिवा मी लावला होता. पोराचा काही दोष नाही."

दर्शनाने कपाळाला हात लावला.

"दिवा कोणी लावला हे मी विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

सीताराम बसले. आदेशाशिवाय कोणालाही डांबता येत नाही, युद्धातही नाही, एवढं लिहवून न्यायाधीशांनी नितेशला आजच सोडायला सांगितलं. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

चारच्या सुमारास नितेश पोलीस ठाण्यातून बाहेर आला. दाढी वाढली होती.

"दहावं?" त्याने बाहेर थांबलेल्या सीतारामांना विचारलं.

"उद्या. सहाला न्हावी येतोय."

"बाबा, तुम्ही कोर्टात काही बोललात काय?"

"बोललो."

"मग?"

"बसवलं खाली."

नितेश हसला. हसता हसता ठाण्याच्या पायरीवर बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. सीताराम शेजारी बसले. घाई नव्हती.