शेवटच्याला आधी

पायल मोठ्या गटात जाऊन महिना उलटला, तरी शाळेत तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. मित्रही नाही. या गोष्टीनं तिच्या आईची, उत्कर्षाची, झोप उडाली होती. पायलची नव्हती. ती मस्त घोरायची.

शहरातल्या शाळेत एकटं पडलेलं मूल पुढं कसं कोमेजतं, यावर उत्कर्षानं मोबाइलवर इतकं वाचलं होतं की पायलनं पोळीचे काठ टाकले तरी तिला त्यात एकटेपणा दिसायचा.

"अगं, मिळेल कुणीतरी," नवरा सौरभ एमआयडीसीला निघताना गाडीला किक मारत म्हणायचा.

"कधी? दहावीत?"

शेवटी तिनं पायलला आरशासमोर उभं करून एक वाक्य पाठ करून घेतलं, 'मला तुझ्याशी मैत्री करायला आवडेल.' पायलनं ते शाळेत पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला ऐकवलं. तो वॉचमन होता. तेव्हापासून तो तिला रोज कडक सलाम ठोकायचा.

मग उत्कर्षा मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या रसवंतीवर येऊन बसू लागली. उसाच्या मोळ्यांआडून मैदान नीट दिसायचं.

"ताई, रस प्यायला येताय का पोरीवर पहारा द्यायला?" रसवंतीवाल्या ठमाबाईनं विचारलं.

"रस छान असतो तुमचा."

"मग गिलास झाडाच्या बुडाला का ओतताय? झाडाला साखर व्हईल."

मैदानात घसरगुंडी एकच. शाळेनं मधल्या सुट्टीत नवा 'आनंद तास' सुरू केला होता. त्यात स्वरूपा मिस सगळ्यांना रांगेत उभं करून, ओठांवर बोट ठेवून आनंद घ्यायला सांगायच्या. धिप्पाड पोरं पुढं, पायल सगळ्यात मागं. तिचा नंबर यायच्या आधी घंटा व्हायची. पायल शांतपणे वर्गात जायची आणि रसवंतीवर तिच्या आईचा जीव वरखाली व्हायचा.

रविवारी सगळे गावी, सणसरला गेले. सासरे, अप्पा, उसाला पाणी द्यायला निघाले होते. पायलही त्यांच्या मागं निघाली. मागून टोपी, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम घेऊन उत्कर्षा.

"अप्पा, पाणी आपल्याकडं आधी का आलं? कालवा तर तिकडनं येतो," पायलनं विचारलं.

"आपलं रान शेवटाला हाय ना. शेवटच्याला आधी, वरच्याला मागनं. न्हायतर वरचीच समदं पितील आन् आमी बसू बघत."

पायलनं कमरेवर हात ठेवून मान हलवली. उत्कर्षा मलम लावण्यात गुंग होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं मोळ्यांआडून पाहिलं, तर पायल रांगेच्या शेवटी कमरेवर हात ठेवून उभी.

"शेवटच्याला आधी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कालव्याचा नियम हाय."

कालवा म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. सगळ्यात पुढं उभा असलेला ऋषिराज धावत येऊन पायलच्या मागं उभा राहिला. पायल लगेच त्याच्या मागं. तो परत तिच्या मागं. बघता बघता सगळी पोरं मागं जायला धावू लागली आणि अख्खी रांग उलटी सरकत कडुलिंब, पाण्याचे नळ ओलांडून ऑफिसच्या दिशेनं निघाली. घसरगुंडी मोकळी पडली. स्वरूपा मिस ओठांवर बोट ठेवूनच मागं पळत होत्या.

गोंधळ ऐकून प्रिन्सिपल मोहनराव बाहेर आले, ते नेमके रांगेच्या टोकाला.

"सर शेवटी!" ऋषिराज ओरडला.

"सर, तुमचा नंबर," पायलनं समजावलं.

रांगेतला नंबर कुणी चुकवायचा नाही, हे सर रोज प्रार्थनेला सांगत. पन्नास डोळे त्यांच्याकडं लागले होते. सर घसरगुंडीवर चढले, बसले, आणि मधोमध अडकले. त्यांना ढकलायला सगळी पोरं धावली. सगळ्यात पुढं पायल आणि ऋषिराज.

उत्कर्षाला हसताना ठसका लागला. पण लगेच तिच्या मनात आलं: आता पायलला शाळेतून काढणार. शाळा सुटेपर्यंत तिनं मनात माफीची तीन भाषणं तयार केली, त्यातलं एक इंग्रजीत.

शाळा सुटली. पोरं आली, गेली. पायल येईना. स्वरूपा मिस बाहेर आल्या. "पायलच्या आई," त्या थकून म्हणाल्या, "सर काही म्हणाले नाहीत. फक्त त्यांची पँट बदलायला घरी गेलेत. पण या दोघांचं तुम्हीच बघा."

फाटकाच्या आत पायल आणि ऋषिराज समोरासमोर उभे होते.

"तू आधी जा."

"तू जा. मी शेवटी."

"मी शेवटी."

ऋषिराजची आई राजेश्वरी फाटकाचे गज धरून उभी होती. "भांडतायत का हो हे?"

"तसंच दिसतंय."

राजेश्वरीनं आवाज खाली आणला. "आमचा आत्तापर्यंत कुणाशी भांडलासुद्धा नव्हता हो. मी तर डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं होतं."

उत्कर्षानं तिच्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांखाली अगदी आपल्यासारखीच काळी वर्तुळं.

"ओढू का त्याला बाहेर?" राजेश्वरीनं विचारलं.

"नको," उत्कर्षा म्हणाली. "तुम्हाला घाई नाही ना?"

आत दोघांनी दप्तरं खाली टाकली आणि मांडी घालून बसले.