प्रेमाबाईंचे सहा पाळणे

मला सगळं नीट आठवतं, असं मी शपथेवर सांगणार नाही. साल अठ्ठ्याण्णव होतं की सत्त्याण्णव? रविवार होता, एवढं नक्की. निदान मला तसं वाटतं.

मी एक वायर आहे. काळी, दोन हात लांब. माझं एक टोक आवाजाच्या मिक्सरमध्ये जायचं, दुसरं संगणकात.

जयसिंगरावांनी मला चामराजपेटच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बनवलं. ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले रडारचे इंजिनियर. माझ्या पोटात तीन तारा: एक अर्थिंगची, दोन आवाजाच्या. तिन्ही त्यांनी दोन्ही टोकांना सोल्डर केल्या.

"एकच माइक, मग आवाजाच्या दोन तारा कशाला, अण्णा?" शेजारच्या वेणुगोपालनी विचारलं.

"मग एक रिकामी ठेवू? अर्धवट काम मला जमत नाही."

घाई होती. सोमवारी सकाळी त्यांच्या पत्नीला, प्रेमाबाईंना, इस्पितळात दाखल व्हायचं होतं. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेक शिल्पाश्रीला सातवा महिना होता. येणाऱ्या बाळासाठी आजीचे सहा पाळणे संगणकात उतरवायचे होते.

"अहो, स्वल्प थांबा, श्वास तर घेऊ द्या," म्हणत प्रेमाबाई गायल्या. जयसिंगराव मिक्सरला हेडफोन लावून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते. तो आवाज माझ्यातूनच पुढे जात होता. मला वाटलं, माझा जन्म याचसाठी झाला.

मग त्यांनी संगणकावर ते लावलं. स्पीकर एकच होता, जुन्या रेडिओतला. डावी-उजवी बाजू एकत्र करून त्यांनीच तो जोडलेला. त्यातून नुसती बारीक खरखर आली.

"एवढी रडारं जोडलीत, आणि बायकोचा आवाज सापडेना!" प्रेमाबाई हसल्या. जयसिंगराव हसले नाहीत. पडद्यावरची आवाजाची रेषा हलत होती, पण ती खरखरीचीच असणार, असं त्यांनी धरलं. संगणकात जागा नव्हती. पहिलं पुसून पुन्हा घ्यायचं ठरलं.

"सरी, बरं, घ्या. गळा आहे तोवर घ्या."

त्या पुन्हा गायल्या. शेवटच्या पाळण्याला आवाज फाटला. पुन्हा तीच खरखर. जयसिंगरावांनी तेही पुसलं आणि मला उपटून कोपऱ्यात फेकलं. मी काय चुकले, ते मला कळेना. आवाज आत शिरल्याचं मला जाणवलं होतं. पण माझ्या जाणवण्यावर मी किती विश्वास ठेवावा?

ऑपरेशननंतर प्रेमाबाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. नातीला त्या मांडीवर थोपटून झोपवत, न गाताच. मी माळ्यावरच्या डब्यात पडून राहिले.

अकरा वर्षांनी जयसिंगरावांनी मला काढलं. मीटर लावला, माझी एक तार कापली आणि माइकसमोर आकडे मोजले. त्याच स्पीकरमधून त्यांचा आवाज खणखणीत आला. माझ्या दोन तारा एकच आवाज नेत होत्या, एक सुलटा, एक उलटा. त्या एका स्पीकरमध्ये एकत्र आल्या की एकमेकींना खोडून टाकत. संगणकात मात्र दोन्ही वेळा सहाही पाळणे पूर्ण उतरले होते.