ऑर्टेलांचा शेष

क्रुम्बाखच्या कोटाच्या खिशातून कासेलचा शिक्का असलेलं पत्र डोकावताना दिसलं, त्या दिवसापासून प्रोफेसर ऑर्टेलांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. कासेल शहरात दुसरा एक शास्त्रज्ञ होता, रोथे. आणि रोथे हा माणूस गेली तीन वर्षं जो भेटेल त्याला सांगत सुटला होता, की ऑर्टेलांचा शेष म्हणजे निव्वळ थाप.

तारेतून वीज सोडली की जवळची चुंबकसुई वळते, हे तोवर शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. ऑर्टेलांनी अकरा वर्षांपूर्वी त्याच्या पुढचं सांगितलं. वीज तोडली तरी सुई पुरती जागेवर येत नाही. तबकडीवर अडीच घरं पश्चिमेला अडून राहते. म्हणजे वीज गेली तरी तिचं काहीतरी मागे उरतं. या उरलेल्याला लोक ‘ऑर्टेलांचा शेष’ म्हणू लागले आणि लान नदीकाठच्या त्या आडबाजूच्या छोट्या शहरात स्वीडनहून विद्यार्थी येऊ लागले. ऑर्टेलांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते म्हणजे ही अडीच घरं.

यंदा पानगळीच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आकडे वाचायचं काम पहिल्यांदाच क्रुम्बाखकडे गेलं. क्रुम्बाख यंत्रं बनवणारा, तारेला रेशीम गुंडाळणारा, अकरा वर्षं सोबत असलेला माणूस. त्याने वीज तोडल्यावरचा आकडा वाचला, शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. महिनाभर शून्य. आणि त्याच महिन्यात कासेलचं पत्र! आता याचा अर्थ लावायला काय प्रोफेसर व्हायला लागतं?

गुरुवारच्या टपालगाडीने बर्लिनच्या विद्वानांना आकडे जायचे होते. बुधवारी सकाळी ऑर्टेल क्रुम्बाखला घेऊन बागेतल्या प्रयोगाच्या खोपीपाशी जाऊन उभे राहिले.

या खोपीत लोखंडाला बंदी होती. खिळे तांब्याचे, कडी लाकडाची. दाराशी एक लाकडी परात ठेवलेली असे; आत जाणाऱ्याने किल्ल्या, चाकू, बक्कल, सगळं त्यात टाकायचं. लोखंड जवळ आलं की सुई बिचकते म्हणून. शहराचा महापौर एकदा बघायला आला, तर ऑर्टेलांनी त्याला विजारीचं बक्कल काढायला लावलं आणि तो बिचारा सगळा वेळ विजार मुठीत धरून उभा राहिला.

“कोट काढ,” ऑर्टेल म्हणाले.

“साहेब, थंडी मरणाची आहे.”

“काढ म्हटलं ना! बूटही काढ. तळाला खिळे असतात.”

क्रुम्बाखने कोट काढला, बूट काढले, मग बंडीही काढून परातीवर ठेवली. सदऱ्यावर, मोज्यांवर तो उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, थंडीने कुडकुडत होता. ऑर्टेलांना क्षणभर लाज वाटली. मग त्यांना कोटाच्या खिशातलं पत्र आठवलं आणि लाज गेली.

“आता नेहमीसारखं कर.”

नेहमीची रीत अशी, की क्रुम्बाखने एकट्याने आत जायचं, सुई शून्यावर लावायची, वीज सोडायची आणि हाक मारायची. मगच ऑर्टेलांनी येऊन टेबलाशी बसायचं, डावा हात काचेच्या पेटीला लागून टेकवायचा आणि उजव्या हातात भिंग धरायचं.

“या!” आतून हाक आली.

ऑर्टेल बसले. मोठं भिंग डोळ्याला लावलं. “तोड वीज.”

सुई हलली, परत फिरली, थबकली. त्यांनी श्वास रोखून घरं मोजली. अडीच. स्वच्छ अडीच! त्यांच्या छातीत आनंद उसळला आणि त्याच्या मागोमाग संताप.

“ये, बघ. मी बाजूला होतो. बघ आणि सांग.”

ऑर्टेल उठून दारापाशी गेले. क्रुम्बाख वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

“शून्य, साहेब.”

“रोथे किती देतोय तुला?”

क्रुम्बाखचा चेहरा पांढरा पडला. “काय म्हणालात?”

“पत्र पाहिलंय मी! उद्या त्याच टपालाने तुझ्याबद्दलही लिहितो. खोटे आकडे देणारा माणूस म्हणून. बघू मग कुठली वेधशाळा तुला दारात उभं करते.”

“वालबुर्गाबाईंना विचारा मी कसा—”

“तिचं नाव काढू नकोस!”

पण ती आलीच होती. ऑर्टेलांची थोरली बहीण, हातात लोकरीची शाल आणि तोंडात तक्रार. “लेबरेख्ट, अरे आवाज पार रस्त्यापर्यंत जातोय. आणि हा असा उघडा का उभा केलास याला? देवा! आधी ही शाल गुंडाळ हाताला. रात्रभर दुखतो म्हणून कण्हत होतास.”

“बाहेरच थांब. तुझ्या केसांत पिना आहेत.”

“हो, माहीत आहे!” वालबुर्गा कडाडली. “अकरा वर्षं मी या उंबऱ्यावर उभी राहून तुला कॉफी देते. माझ्या पिनांनी बाटतं तुझं ते यंत्र. आणि लाइपझिगच्या लढाईतला तोफगोळ्याचा तुकडा हातात घेऊन तू खुशाल आत बसतोस, तो काय साखरेचा आहे?”

ऑर्टेल आपल्या डाव्या कोपराकडे बघत राहिले.

लष्करी वैद्याने तो तुकडा कोपराखाली तसाच राहू दिला होता. पंचवीस वर्षं झाली. थंडीत दुखायचा तेवढाच. एरवी ऑर्टेलांना त्याची आठवणही नसे.

ते टेबलाशी गेले. भिंग घेतलं. डावा हात पाठीमागे ठेवला. शून्य. हात पुढे आणून पेटीला टेकवला. सुई निमूटपणे अडीच घरं सरकली. हात मागे घेतला, ती परत आली. त्यांनी हे चार वेळा केलं. पाचव्या वेळी हात उचलवलाच नाही त्यांच्याने.

अकरा वर्षं. सगळ्या वह्या. स्वीडनची ती पोरं.

“पत्रात काय होतं?” त्यांनी विचारलं.

क्रुम्बाख बंडीची बटणं लावत होता; बोटं थंडीने वळत नव्हती. “रोथेसाहेबांनी विचारलं होतं, तुमचे प्रोफेसर आकडे मनचे लिहितात का.”

“मग?”

“उत्तर नाही पाठवलं.”

“का?”

“कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं, साहेब,” क्रुम्बाख खाली बघत म्हणाला. “महिनाभर मला रोज शून्य दिसत होतं. म्हटलं, म्हातारा अकरा वर्षं खोटं लिहीत आलाय. पण ते कासेलला कळवायला हात धजेना.”

ऑर्टेलांनी त्याच्या नुसत्या मोज्यांकडे पाहिलं. माणसाची झडती घेतली आपण, बूट उतरवले, आणि तो आपल्याला लबाड समजूनही आपली अब्रू झाकत बसला होता. त्यांना वाटलं, वालबुर्गा इथे नसती तर आपण रडलो असतो.

ते उठले. वही, दौत, टाक घेऊन उंबऱ्याबाहेर गेले आणि थंडीत बहिणीशेजारी, परातीच्या अलीकडे उभे राहिले. वालबुर्गाने शाल त्यांच्या हाताला गुंडाळली आणि दौत धरली.

“पुन्हा पहिल्यापासून कर,” त्यांनी आत हाक दिली. “तूच वाच. बर्लिनला आकडे तुझ्या नावाने जातील.”

“आणि जुने आकडे?”

“त्यांचंही लिहितो. आधी वाच तू.”

आत क्रुम्बाखने सुई लावली, वीज सोडली आणि तोडली.

“शून्य,” क्रुम्बाख म्हणाला.

ऑर्टेलांनी लिहून घेतलं.