हाताचा अंदाज

रोपवाटिकेच्या खतशेडमध्ये तिने एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं तिला सगळे थर्मामीटरबाई म्हणत. ढिगात मनगटापर्यंत हात घालायचा, क्षणभर थांबायचं आणि सांगून टाकायचं: आज पाणी मारा, आज उपसा, आज हात लावू नका. साहेब लोक यंत्र खुपसून बघत आणि मुकाट परत जात, कारण आकडा तिच्याच बाजूने पडायचा. निवृत्त झाल्यावर माणसं दुपारच्या झोपा काढतात. हिने मागच्या पडवीत गांडुळांची पेटी मांडली.

दुकानदार लांबलचक, जाडजूड जातीची गांडुळं तिच्या गळ्यात मारायला बघत होता. ती खातात भराभर, पण थंडीचा पहिला कडाका पडला की मान टाकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बारीक लाल घेतली. "दिसायला मरतुकडी, पण काटक. अगदी माझ्यासारखी," ती सुनेला म्हणाली. थंडीत तिने पेटी घरात ओढली, वर दुहेरी गोणपाट घातलं, खाणं निम्म्यावर आणलं. सगळी तगली. त्याच थंडीत तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, चालताना पायातली चप्पल मागे राहिली तरी कळेना. अंगात साखर होतीच, पण हिने सगळं खापर गारठ्यावर फोडलं. गारठा गेला, पाठोपाठ मुंग्याही गेल्या आणि तिला अगदी बरं झाल्यासारखं वाटलं.

उन्हं तापली तशी पेटी पुन्हा पडवीत आली. सून दुधाच्या डेअरीत तपासणीचं काम करायची. तिची बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. बाळाला पाळणाघरात ठेवायचं की आजीपाशी, यावर घरात महिनाभर खल झाला आणि शेवटी आजी जिंकली. नातू आपल्या हाताखाली वाढणार, या एका गोष्टीवर म्हातारीने सगळा जीव लावला होता. पंधरा दिवसांपासून रंगीत तालीम म्हणून त्याला आंघोळही तीच घालत होती. बाळ मात्र टबात टेकवलं की घर डोक्यावर घ्यायचं. पाठ लालेलाल व्हायची.

"घामोळं आहे ते," आजी म्हणायची. "आणि ओरडण्याचं म्हणशील तर बापावर गेलाय. हट्टी कुठला!"

ऊन लागू नये म्हणून तिने पेटीत शेजारच्या बागेतलं ताजं कापलेलं गवत जाड पसरलं. ओलं गवत दाबून बसलं की आतून तापतं, हे नवख्या मजुरालाही माहीत असतं. तिलाही माहीत होतं. पण तापलं तर हाताला कळेलच की, मग उपसू, असा तिचा विचार.

गुरुवारी सुनेने डेअरीतला लांब दांड्याचा जुना थर्मामीटर कपाटातून काढून पेटीत खुपसला. "आई, हा एक्केचाळीस दाखवतोय. पस्तिसाच्या वर ही जगत नाहीत, असं तुम्हीच म्हणता ना?"

आजीने हात घातला, क्षणभर थांबली. "छान गार आहे. तुझं यंत्र बिघडलंय."

"अहो, पण..."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला गं? माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत." थर्मामीटर स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडला.

शुक्रवारी पाच-सहा गांडुळं फरशीवर वाळून पडलेली दिसली. आत ओल जास्त झाली असेल म्हणून निघाली असतील, असं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी तिने बाळाच्या कढत पाण्यात विसण घातलं, हात बुडवून पाहिला आणि सून त्याचे कपडे काढतेय तोवर पेटीकडे एक चक्कर मारावी म्हणून पडवीत आली. घाण वास येत होता. तिने गवत बाजूला सारलं. खाली एकही वळवळ नव्हती. कुजलेल्या दोऱ्यांसारखी सगळी जागच्या जागी चिकटून बसली होती. तिने खोलवर हात घालून चाचपलं, आणि मग तिचा भडका उडाला.

"काय ओतलंस गं यात? साबणाचं पाणी ओतलंस ना?"

उघड्या बाळाला खांद्यावर टाकून सून धावत आली. "मी कशाला ओतू?" तिनेही आत बोटं घातली आणि किंचाळून बाहेर काढली. "आई, पोळतंय हे! तुम्ही हात कसा काय ठेवलात यात?"

आजीचा हात अजून आतच होता. तिने उजवा काढून डावा घातला. गार की गरम, ते सोडाच, आत काही लागतंय की नाही हेही तिला सांगता येईना. बाहेर काढलेला हात मनगटापर्यंत लाल झाला होता. ती त्या लाल कातडीकडे बघत राहिली. मग तिची नजर बाळाच्या पाठीवर गेली. कालची लाली तिथे अजून होती, तशीच.

ती उठली, खणातून थर्मामीटर काढला आणि न्हाणीघरात जाऊन टबात धरला. मागोमाग आलेली सून दारात उभी राहिली. काटा चढत चढत चव्वेचाळीसवर थांबला.

"बाळाला किती लागतं?" आजीने विचारलं.

"सदतीस," सून बोलून गेली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने बाळाला घट्ट धरलं आणि नकळत एक पाऊल मागे सरकली.

आजीला ते दिसलं. पोरीचं काही चुकलं नाही, हेही तिला तिथल्या तिथे कळलं.

"सोमवारपासून पाळणाघर," ती म्हणाली. "माझ्याकडे ठेवू नकोस."

"आई, आधी डॉक्टरांना दाखवू. मग बघू ना काय ते."

"दाखवू. पण माझ्याकडे नको."

सुनेच्या खांद्यावरून बाळ आजीकडे झेपावत होतं. सवयीने तिचे हात पुढे झाले. मग तिने ते मागे घेतले आणि पाठीशी धरून ठेवले.

"रोज सांगत होता गं तो मला," ती म्हणाली. "पंधरा दिवस ओरडून ओरडून सांगत होता. आणि मी त्याला हट्टी म्हणाले."